बेवारस मालाचा लिलाव आणि आमच्या सासूबाई

३ मार्च, सोमवार

आज माझी बदली झाली. पालिकेच्या तक्रार खिडकीवर बसून इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि शेवटी तक्रार आली ती माझ्याचविरुद्ध. ‘खिडकीवरच्या बाई फार मोठ्याने बोलतात.’ एक नव्हे, बऱ्याच आल्या म्हणे. साहेबांनी मला बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, की तुम्ही आता ‘बेवारस व जादा माल’ विभागात. मी म्हटलं, तिथे काय करायचं? ते म्हणाले, लिलाव पुकारायचा.

म्हणजे ज्याबद्दल मला खिडकीवरून उठवलं, तेच करायला मला तिकडे बसवणार. पगार देऊन ओरडायला सांगतायत! मी तोंड पाडून बाहेर आले आणि जिन्यात एकटीच हसले.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, “छान झालं.” ह्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि जेवताना मी नेहमी डावीकडे बसते. आमचा संसार टिकला तो त्यामुळेच, असं सासूबाईंचं मत. सासूबाईंना मात्र दोन्ही कानांनी ऐकू येतं, माझं नशीब. त्या म्हणाल्या, “लिलाव? हिला? एक वार, दोन वार म्हणायच्या आत हातोडा मारून मोकळी होईल. घाईची आहे.”

सासूबाईंनी जन्मभर कपबशांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बोटाच्या पेराने ठक् करून वाजवायचा, आवाज बद्द आला की तडा आहे म्हणून बाजूला टाकायचा. कारखाना सुटला, सवय सुटली नाही. त्या दार वाजवतात, कलिंगड वाजवतात, नवीन सोफा आणला तर सोफा वाजवतात. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “आवाज मोठा आहे.” तेव्हापासून माझ्या खोटींची यादी वाढतेच आहे.

५ मार्च, बुधवार

गोदाम पाहिलं. जुन्या बसगाड्यांची शेड आहे, पत्र्याची, लांबच लांब. शहरात जे जे कोणी विसरतं, टाकतं, सोडून जातं, ते इथे येऊन पडतं. सहा महिने वाट बघायची, मालक आला नाही की विकायचं. शिवाय पालिकेला नको झालेला माल, म्हणजे बंद पडलेल्या शाळांचे बाक, दवाखान्याच्या लोखंडी खाटा, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, वाहतुकीचे जुने दिवे, तेही इथेच.

छत्र्यांचा तर डोंगर आहे. बाबागाड्या, कुबड्या, सायकली, तोंडाने फुंकून वाजवायचा एक पितळी भोंगावाजा, एकाच पायाचे बूट. माणूस एक बूट विसरून घरी कसा जातो हे मला कळत नाही. एका बरणीत कवळी आहे. ती विकता येत नाही म्हणून कपाटावर ठेवली आहे. गोदाम सांभाळणारे काका म्हणाले, “राहू द्या. जेवायला बसला की आठवण येईलच त्याला.” काका कमी बोलतात, पण बोलले की असे बोलतात.

लिलाव पुकारायला पूर्वी टेबल होतं, ते मोडलं. मी इकडे तिकडे बघितलं तर बंद झालेल्या पोहण्याच्या तलावाची उंच खुर्ची दिसली, बुडणाऱ्यांवर नजर ठेवायला असते ती. शिडी चढून वर बसले. सगळं गोदाम नजरेखाली! एकदा मोठ्याने “एक वार!” म्हणून पाहिलं. पत्रा घणघणला, वरची कबुतरं उडाली, काकांच्या हातातला चहा सांडला. इतकी मोकळी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

७ मार्च, शुक्रवार

आनंद दोन दिवस टिकला. आज एकगठ्ठा शेठ आले. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. ते भंगाराचे ठेकेदार. गेली कित्येक वर्षं इथे लिलाव होतो तो फक्त नावाला. शेठची माणसं पुढे बसतात, कोणी बोली लावत नाही, बाहेरचं कोणी येतच नाही, आणि शेवटी ‘माल विकला गेला नाही’ म्हणून सगळाच्या सगळा शेठना एकगठ्ठा, किलोच्या भावाने. मग तो जातो त्यांच्या दाबयंत्राखाली.

मी म्हटलं, “लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीसुद्धा?”

शेठ गोड हसून म्हणाले, “ताई, यंत्राला वय कळत नाही.”

मला इतका राग आला की काय सांगू! चांगल्या खाटा, चांगले बाक. शहरात किती घरांत लोक जमिनीवर झोपत असतील, आणि आम्ही खाटा चेपायला देणार.

तडक साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांना सगळे ‘उद्याबघू’ म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी दुसरं वाक्य नाही. शेठचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी तयारच होता. मी म्हटलं, मी एकेक वस्तू वेगळी विकून दाखवते. ते म्हणाले, उद्या बघू. मी म्हटलं, आत्ता बघू. बाजूच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली, तेव्हा साहेब घाईघाईने म्हणाले, “बरं बरं बाई, हळू. तीस तारखेच्या रविवारी लिलाव घ्या. निम्म्याहून जास्त माल गेला तर विभाग राहील. नाही गेला तर सगळं शेठना, विभाग बंद, आणि तुम्ही जुन्या कागदपत्रांच्या तळघरात. तिथे बोलायचं काम नाही.”

तळघर मी पाहिलं आहे. तिथे एकच खुर्ची आहे, आणि तिचं तोंड भिंतीकडे.

१२ मार्च, बुधवार

दुष्काळात तेरावा महिना. सासूबाई आता रोज दुपारी माझा डबा घेऊन गोदामात येतात. मी सकाळी डबा नेऊ शकत नाही का? नेऊ शकते. पण “थंड खाऊन घसा बसेल” म्हणतात. डबा ठेवला की परत जात नाहीत. गोदामभर फिरतात. ही खाट हलवून बघ, तो ड्रॉवर ओढून बघ, खुर्चीवर बसून बघ. काकांना स्टूल आणायला लावतात आणि वरच्या फळीवरचंसुद्धा सोडत नाहीत.

आज तर पालिकेच्या बंद झालेल्या अतिथिगृहाच्या चिनी मातीच्या भांड्यांची खोकी उघडून बसल्या. ताटल्या, वाडगे, किटल्या, एकेक घेऊन ठक्, ठक्, ठक्. मी इकडे जाहिरातीचा मजकूर लिहितेय आणि तिकडे ही ठकठक. शेवटी म्हटलं, “अहो आई, घरी कंटाळा येतो का तुम्हाला?” तर म्हणाल्या, “तू तुझं काम कर.” आता माझं काम करायला जागा कोणी अडवली आहे?

काका मात्र त्यांच्या मागे मागे फिरतात. त्यांना करमणूक झाली आहे.

१८ मार्च, मंगळवार

जाहिरातीचे कागद मी स्वतः लावले, बसथांब्यांवर, दवाखान्यात, शाळांच्या फाटकांवर. मजकूर झकास झाला आहे: ‘भव्य लिलाव! उत्तम, मजबूत, टिकाऊ वस्तू!’ हे म्हणाले, “टिकाऊ होत्या तर टाकल्या कशाला, असं विचारतील.” ह्यांना कमी ऐकू येतं पण वाचता येतं.

आज वाण्याच्या दुकानात गेले तर वाणी हसून म्हणाला, “काय, तुमच्याकडे एक दातांची खुर्ची आहे म्हणे, मागे टेकली की वर येत नाही?” मी थक्क. मग शिंपीणबाई भेटल्या, त्या म्हणाल्या, “तुमच्याकडच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय ना?” म्हणजे सासूबाई गल्लोगल्ली फिरून माझ्या मालाची निंदा करतायत! मी कागद चिकटवत हिंडायचं आणि त्यांनी मागून मालातली खोट सांगत हिंडायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

संध्याकाळी विचारलंच. “आई, तुम्ही लोकांना काय सांगता?”

“विचारतात ते सांगते.”

“आणि कोण विचारतं?”

“मी सांगायला लागले की विचारतात.”

मी पुढे बोलले नाही. बोलले असते तर वरच्या मजल्यापर्यंत गेलं असतं.

२२ मार्च, शनिवार

रोज खुर्चीवर चढून सराव करते. आज गोदामात सगळा माल पुकारून काढला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पत्रा घुमत होता. काकांनी कानात कापूस घातला आणि टाळ्या वाजवल्या. शेठची दोन माणसं फाटकाशी उभी राहून बघून गेली. बघू द्या.

घसा थोडा खरखरतोय. काही नाही, जाईल.

२४ मार्च, सोमवार

आवाज गेला.

सकाळी उठून “चहा” म्हणायला तोंड उघडलं, तर नुसता वारा आला. ह्यांना वाटलं त्यांचा उजवा कानही गेला. बिचारे घाबरून उठून बसले.

डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “तीन आठवडे मौन. कुजबुजसुद्धा जपून.” मी बोटांनी तीस तारीख दाखवली. त्यांनी मान हलवली. “बोललात तर कायमचा जाईल.”

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. रडतानासुद्धा आवाज येईना.

२६ मार्च, बुधवार

माणूस शोधतेय. शहरात दोनच पुकारे आहेत, जे पैसे घेऊन बाजारात ओरडतात. एकाने सांगितलं, शेठचं काम घेतलं आहे. दुसरा म्हणाला, मीही. काकांना खुर्चीवर चढवलं. “एक वार” म्हणता म्हणता ते इतके लाजले की उतरताना शिडीवरून घसरले. साहेबांना पाटीवर लिहून विचारलं, लिलाव पुढे ढकलता येईल का? ते म्हणाले, “आता तारीख ठरली बाई.” आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाला उद्या बघायचं नव्हतं.

एकगठ्ठा शेठनी फळांची टोपली पाठवली. ‘लवकर बरे व्हा.’ सासूबाईंनी वरचं सफरचंद वाजवून पाहिलं आणि टोपली परत पाठवली.

२७ मार्च, गुरुवार

जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, “मी पुकारते.”

मी हात जोडले. म्हणजे ‘नको’ असे. त्यांनी ‘उपकार झाले’ असे घेतले. हे म्हणाले, “आईचा आवाज तुझ्याहून मोठा आहे. मला दोन्ही बाजूंनी अनुभव आहे.”

मी पाटीवर लिहिलं: तुम्ही वस्तूंना नावं ठेवाल.

त्या म्हणाल्या, “तू कानात सांग, मी तेवढंच बोलेन. झालं?”

साहेबांना विचारलं. रोजंदारीवर पुकारा ठेवायला त्यांची हरकत नाही. अधिकारी हजर पाहिजे, एवढंच. तेव्हा असं ठरलं: मी खुर्चीच्या शिडीवर उभी राहून कुजबुजणार, त्या वर बसून ओरडणार. आमच्या घरातली सगळी भांडणं आठवून मी विचार करतेय की देवाला विनोद कळतो.

मला भीती वाटते. खरंच वाटते. त्या एक वाक्य जरी वाकडं बोलल्या तरी मी तळघरात आणि खाटा यंत्राखाली.

३० मार्च, रविवार

आज जे झालं ते मी सगळं लिहिणार आहे, मग मनगट दुखलं तरी चालेल.

सकाळी फाटक उघडलं तर बाहेर रांग. वळणापर्यंत. मला वाटलं होतं शेठची माणसं आणि दोनचार बघे. पण आमच्या गल्लीतले सगळे, शेजारच्या गल्लीतले, वाणी, शिंपीणबाई, न्हावी, बालवाडीच्या बाई आणि ओळखीचे नसलेले कितीतरी. माझ्या जाहिरातीने काम केलं म्हणायचं! एकगठ्ठा शेठ पहिल्या ओळीत, दोन्ही बाजूंना त्यांचे दोन भागीदार, मागे त्यांची माणसं. शेठचं ठरलेलं असतं, आपसात चढाओढ करायची नाही.

सासूबाई शिडी चढल्या. गुडघे दुखतात म्हणून घरी दोन पायऱ्या चढत नाहीत आणि इथे सरळ वर. हातोडा हातात घेतला, वाजवला, आणि मी कुजबुजले: “पहिला माल. कपाट. उत्तम, मजबूत लाकडी कपाट.”

त्या ओरडल्या, “कपाट!” पत्रा घुमला. छान. मग थांबल्या. कपाटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, “उत्तम, मजबूत.”

“ही म्हणते मजबूत,” सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. “पण मधला कप्पा डुगडुगतो. डावं दार लागायला उचलावं लागतं. मागची फळी एके ठिकाणी वाळवीने खाल्ली आहे, वाळवी आता नाही, मी बघितलंय.”

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिडीवरूनच त्यांच्या पावलाला चिमटा काढला. त्यांनी पाय वर घेतला.

लोक हसले. शेठ तर मांडीवर थाप मारून हसले. उठून उभे राहिले आणि म्हणाले, “ऐकलंत ना? भंगार आहे हे पालिकेच्याच बाई सांगतायत!”

सासूबाईंनी वरून खाली बघितलं. कारखान्यात फुटका कप धरणारा चेहरा. “भंगार असतं,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसला असता का?”

असा हशा पिकला की कबुतरं उडाली. आणि त्या हशात मागून एका बाईंचा आवाज आला, “उचलून लावलं तर दार नीट बसतं का?”

“बसतं. वरची बिजागरी बदला, उचलायलाही नको.”

त्या बाईंचा हात वर गेला. मग अजून एकाचा. मग तिसऱ्याचा. एक वार, दोन वार, तीन वार, कपाट गेलं. एका कपाटावर तिघांनी बोली लावली! या गोदामात असं कधी झालं नसेल. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मला अजून राग आलेला होता, पण डोळे भरले होते.

त्यानंतर मी कुजबुजणं सोडून दिलं. म्हणजे मी नुसतं वस्तूचं नाव सांगायची, बाकी सगळं त्यांचं. सायकल: “मागचा ब्रेक नाही, पुढचा आहे, उतारावर राहणाऱ्यांनी घेऊ नका.” गेली. खाट: “एक पाय आखूड. विटेचा तुकडा ठेवा, जन्मभर चालेल.” अशा सगळ्या खाटा गेल्या. शिलाई मशीन पट्ट्यासकट नाही, पट्ट्याविना, शिंपीणबाईंनी नेलं. पट्टा त्या पिशवीत घेऊनच आल्या होत्या. वाहतुकीचा दिवा: “लाल लागतो, हिरवा लागत नाही.” बालवाडीच्या बाई म्हणाल्या, “मला लालच पाहिजे,” आणि घेतला. दातांच्या डॉक्टरची खुर्ची: “एकदा मागे गेली की गिऱ्हाईक वर येत नाही.” न्हावी ओरडला, “पैसे दिल्याशिवाय येऊच नये!” आणि त्यानेच घेतली. भोंगावाजा एका आजोबांनी घेतला. सासूबाईंनी त्यांना विचारलं, “वाजवता येतो?” ते म्हणाले, “नाही, पण वरच्या मजल्यावरच्यांना रोज खुर्च्या ओढता येतात ना.” छत्र्या तर लोकांनी हातोहात नेल्या, कारण कुठल्या छत्रीची कोणती काडी तुटली आहे हे सासूबाईंना पाठ होतं. ह्या बाईला हे सगळं कळलं कधी? रोज डबा आणून नुसत्या भटकत तर होत्या.

शेठच्या माणसांनी मधे बोली पाडायचा प्रयत्न केला. “काय ठेवलंय त्यात,” असं एकेक जण म्हणायला लागला. पण खोट त्यांनी सांगायच्या आधी सासूबाईंनी सांगितलेली असायची. नावं ठेवणाऱ्याला नावं ठेवायला काही उरलंच नाही.

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त माल गेला. काकांनी मला बोटाने खूण केली.

मग काकांनी चिनी मातीच्या भांड्यांची खोकी पुढे आणली. सासूबाई चक्क खुर्चीवरून उतरल्या. त्यांनी एक ताटली उचलली, ठक्. वाडगा, ठक्. किटली, ठक्. एवढ्या माणसांत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, स्वच्छ. लोक मान पुढे काढून वाट बघत होते, आता काय खोट निघते. त्यांनी किटली खाली ठेवली, हात पुसले, आणि म्हणाल्या:

“याच्यात काही नाही. एकाही नगात नाही. मी सगळे वाजवलेत.”

आणि मग जे हात वर गेले! सकाळपासून जी बाई प्रत्येक वस्तूत खोट काढत होती, तिला सापडली नाही म्हणजे माल कसला असेल! खानावळवाला, लग्नाचा हॉल चालवणारा, दोन बहिणी, सगळे उभे राहिले. बोली चढत गेली. आणि मग शेठच्या उजवीकडच्या भागीदाराचा हात वर गेला. शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने त्यांच्या ताटातलं उचललं. तेवढ्यात डावीकडच्याचा वर गेला. उजव्याने डाव्याला शिवी दिली, डाव्याने बोली वाढवली. शेवटी शेठ स्वतः उठून हात वर करून ओरडले, आणि आपल्याच दोन माणसांशी चढाओढ करत राहिले. माझा जन्म सार्थकी लागला!

भांडी त्यांना मिळाली नाहीत. त्या दोघी बहिणींनी नेली. तिघं आपसात भांडत फाटकाबाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

संध्याकाळी गोदामात उरलं काय? एकाच पायाचे बूट आणि बरणीतली कवळी. बाकी झाडून सगळं गेलं. रिकाम्या शेडमध्ये पाऊल टाकलं की घुमत होतं. साहेब आले होते, मागे उभे राहून त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. खिशातून शेठचा तो कागद काढला आणि फाडला. मी पाटीवर लिहिलं, विभागाचं काय? ते म्हणाले, “राहील. तसा आदेश काढतो.” मी लिहिलं, कधी? ते म्हणाले, “आजच.” काकांनी मला हाताला धरून सांगितलं, की असं वाक्य त्यांनी साहेबांच्या तोंडून नोकरीत कधी ऐकलं नाही.

सासूबाईंचे पाय सुजले. हे त्यांना गरम पाण्यात पाय बुडवून बसवतायत. मी समोर जाऊन बसले. आभार मानायचे होते पण आवाज नाही, म्हणून त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, “शिडीवर चिमटा कशाला काढलास? निळं पडलंय.” बस्स. एवढंच. कौतुकाचा एक शब्द नाही. जाऊ दे, त्यांचा स्वभाव. मी आज इतकी खूष आहे की मला राग येत नाही.

३१ मार्च, सोमवार

वर्तमानपत्रात आमचा फोटो. सासूबाई खुर्चीवर, मी शिडीवर. खाली लिहिलंय, ‘सासू-सुनेचा अनोखा लिलाव’. सासूबाई म्हणाल्या, “तुझी मान वाकडी आली आहे.” मग त्यांनी वाण्याकडून उरलेली सगळी वर्तमानपत्रं आणली. कशाला, पाटीवर लिहून विचारलं तर म्हणाल्या, कपाटात अंथरायला. आमच्याकडे एवढी कपाटं कुठे आहेत?

१६ एप्रिल, बुधवार

आवाज आला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आ करा,” आणि मी असा आ केला की बाहेरचे रुग्ण उठून उभे राहिले.

गोदाम पुन्हा भरतंय. शहर विसरायचं काही थांबत नाही. पूर्वी परस्पर शेठकडे वळायचा तो जादा मालही आता शाळांकडून, दवाखान्यांकडून सरळ आमच्याकडे येतो, कारण साहेबांनी शेठचं दार बंद केलंय. सव्वीस तारखेपासून दर महिन्याला लिलाव. साहेबांना पुकारायला सासूबाईच हव्या होत्या. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंनीच नाही सांगितलं. “माझे गुडघे त्या शिडीचे नाहीत,” म्हणाल्या. “ती आहे ना. तिचंच काम आहे ते.”

गुडघे बरे नव्हते तर बालवाडीपर्यंत चालत जाऊन त्या लाल दिव्याची वायर बघून कशा आल्या, हे मी विचारलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज माझा पहिला लिलाव, माझ्या तोंडाने.

फाटकाबाहेर गर्दी गेल्या खेपेपेक्षा जास्त. मी खुर्चीवर चढले आणि वरून बघितलं तर सगळे चेहरे सासूबाईंना शोधत होते. शेवटच्या रांगेत त्या दिसल्या, हातात माझा डबा. शेजारी कोणी अनोळखी बाई होती, तिच्या कानाला लागून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. आता इथेही माझी निंदा! पण ती बाई ऐकता ऐकता मान डोलवत होती आणि माझ्याकडे बघून हसली. तिला काय सांगितलं कोण जाणे.

मी हातोडा उचलला. एक गृहस्थ ओरडले, “आजी कुठे आहेत? मालातली खोट कोण सांगणार?”

तेव्हा मला कसं सुचलं मला माहीत नाही. मी ठरवून काही आले नव्हते.

“मी सांगते,” मी म्हटलं, आणि माझाच आवाज पत्र्यावर घुमून परत आला, माझा जुना, मोठा आवाज. “पहिल्यांदा माझी सांगते. मी घाईची आहे. दोन वार म्हणता म्हणता हातोडा मारून बसेन. आवाज मोठा आहे, पुढच्या रांगेतल्यांनी कान सांभाळावेत. आणि मला ताटली वाजवून काही कळत नाही, पण गेला महिनाभर मी एकेक वस्तू हाताने हलवून, ओढून, उघडून पाहिली आहे. जे सापडलं ते सांगेन. चालेल?”

“चालेल!” सगळं गोदाम ओरडलं. पहिल्यांदाच मला माझ्याहून मोठा आवाज ऐकू आला.

“तर मग पहिला माल. टेबल. एक ड्रॉवर अडकतो, त्याला साबण लावा. वर कोणीतरी गरम भांडं ठेवलं होतं, त्याचा गोल डाग आहे, तो जाणार नाही. पाय मात्र चारही सारखे. बोला!”

माझं ‘बोला’ संपायच्या आत हात वर झाले.